डुकराची पैज

१९३५ सालच्या नोव्हेंबरात, मिनेसोटा राज्याच्या राजधानीत, राज्यपालांच्या दालनात एक डुक्कर आलं. चुकून शिरलं नव्हतं. शेजारच्या आयोवा राज्याचे राज्यपाल क्लाइड हेरिंग स्वतः त्याला घेऊन आले होते. खाली गालिचा, भोवती वार्ताहर आणि फोटोग्राफर, समोर मिनेसोटाचे राज्यपाल फ्लॉइड ओल्सन. दोन विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यावर या दोघांनी पैज मारली होती. आयोवा हरलं, आणि हरणाऱ्याने बक्षिसाचं डुक्कर जातीने पोचतं करायचं अशी अट होती. बारसंही आधीच उरकलेलं होतं. डुकराचं नाव ‘फ्लॉइड ऑफ रोझडेल’, म्हणजे रोझडेलचा फ्लॉइड. यजमानांचंच नाव पाहुण्याला दिलेलं.

आयोवा आणि मिनेसोटा ही विद्यापीठं आजही दरवर्षी एकमेकांशी खेळतात, आणि जिंकणाऱ्याला त्या डुकराची ब्राँझची मूर्ती मिळते. आपल्याकडे फिरती ढाल असते, करंडक असतो, तिकडे हे. शंभर पौंडांना थोडंसंच कमी वजन. शेवटची शिट्टी वाजली की जिंकलेल्या संघाची पोरं मैदान ओलांडून धावत सुटतात आणि मूर्ती उचलून नाचवतात. दूरदर्शनचा समालोचक मग अर्ध्या मिनिटात गोष्ट सांगतो: दोन राज्यपाल, एक तार, एक डुक्कर. लोक हसतात. जाहिराती सुरू होतात.

त्यात खोटं काहीच नाही. राज्यपालांवर डुकराची पैज मारायची वेळ का आली, एवढंच त्या अर्ध्या मिनिटात बसत नाही.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, अकरा-अकरा गडी, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. चेंडू घेऊन जो पळतो त्याला समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं. तो पडला की डाव थांबतो, निदान थांबायला हवा. मागून येणारे चार-पाच जण पडलेल्यावर कोसळतात आणि माणसांचा ढीग होतो. त्या ढिगात कोणाचं कोपर कुठे गेलं, कोणाचा गुडघा कोणाच्या बरगडीत बसला, हे पंचालाही धड दिसत नाही. त्या काळी शिरस्त्राण चामड्याचं असे, तोंडासमोर जाळी नसे, आणि बदली खेळाडूंचे नियम असे की चढाई करणाऱ्यांनाच बचावालाही उभं राहावं लागे. दमलेल्या माणसाला लपायला जागा नव्हती.

मिनेसोटा वर, आयोवा खाली, मधली सीमा पट्टीने ओढल्यासारखी सरळ. दोन्ही राज्यांत मका, दोन्ही राज्यांत डुकरं. डुकरांच्या पैदाशीत आयोवाचा नंबर देशात पहिला. १८९१पासून ही दोन विद्यापीठं एकमेकांशी खेळत आली होती. १९३५ साली दोन्ही राज्यांत व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नव्हता (आयोवात तो आजही नाही), त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. ज्याने कॉलेजची पायरीही चढलेली नाही असा शेतकरीसुद्धा शनिवारी रेडिओला कान लावून ‘आपण’ आणि ‘ते’ याच भाषेत बोलायचा.

आणि डुक्कर हा त्या वर्षांत थट्टेचा विषय नव्हता. महामंदीत भाव इतके कोसळले होते की डुक्कर पोसणं विकण्यापेक्षा महाग पडत होतं. १९३३ साली रूझवेल्ट सरकारने भाव सावरण्यासाठी सुमारे ६० लाख पिल्लं विकत घेऊन मारून टाकली. ही योजना राबवणारे कृषिमंत्री हेन्री वॉलेस आयोवाचेच. शहरात पावासाठी रांगा आणि गावात पिल्लांची कत्तल, हे चित्र लोक विसरणं शक्य नव्हतं. दोन वर्षांनी कोणी ‘बक्षिसाचं डुक्कर’ म्हटलं की दोन्ही राज्यांतल्या घराघरात अर्थ कळत होता.

आता ज्याच्यामुळे हे सगळं घडलं त्या पोराकडे येऊ.

ओझी सिमन्स टेक्सासचा, फोर्ट वर्थमध्ये वाढलेला. कृष्णवर्णीय. शाळेच्या मैदानावर त्याला पकडणं कोणाला जमत नसे, पण दक्षिणेतली गोऱ्यांची विद्यापीठं त्याला आत घेणार नव्हती. आयोवात काळ्या खेळाडूंना खेळू देतात असं कानावर आलं होतं, आणि ते खरं होतं. ड्यूक स्लेटर हा धिप्पाड कृष्णवर्णीय खेळाडू १९२०च्या आसपास तिथेच गाजला होता. म्हणून १९३३ साली ओझी आणि त्याचा भाऊ डॉन मालगाडीत चढले आणि आयोवा सिटीला येऊन उतरले. ना पत्र, ना शिष्यवृत्ती. थेट प्रशिक्षक ऑसी सोलेम यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

सोलेम यांना खेळाडूंची गरज होती. खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याच्या प्रकरणात आयोवाला १९२९ साली विद्यापीठांच्या ‘बिग टेन’ संघटनेने काही काळ बाहेर काढलं होतं आणि त्या धक्क्यातून संघ सावरलेला नव्हता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे, त्यामुळे सिमन्सला वर्षभर थांबावं लागलं. १९३४च्या ऑक्टोबरात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध तो उतरला आणि आयोवाने सामना २०-७ असा जिंकला. त्याचं पळणं नागमोडी होतं. हाताशी आलेला माणूस निसटून जायचा. वृत्तपत्रांनी त्याचं नाव ठेवलं ‘एबनी ईल’, आबनुसी रंगाची वाम. कौतुकच होतं म्हणा. पण कौतुक करतानाही कातडीचा रंग आधी आणि पळणं मागून.

त्याच सिमन्सला विद्यापीठाच्या वसतिगृहात मात्र जागा नव्हती. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ती मिळायला १९४६ साल उजाडावं लागलं. शनिवारी हजारो लोक ज्याच्या नावाने ओरडत, तो रात्री गावात मिळेल त्या खोलीवर झोपायला जाई.

२७ ऑक्टोबर १९३४. आयोवा सिटीत मिनेसोटाचा संघ आला. बर्नी बियरमन यांनी घडवलेला हा संघ त्या काळी देशातला सर्वांत दणकट समजला जाई. १९३४, १९३५ आणि १९३६ अशी सलग तीन वर्षं तो राष्ट्रीय विजेता ठरला. त्या संघातली कठोरता कशी होती याचं एक उदाहरण पुरे. पग लुंड हा त्यांचा आघाडीचा गडी. त्याची करंगळी मोडून वाकडी झाली होती, खेळताना अडथळा होत होता. त्याने ती कापूनच टाकली. अशा माणसांसमोर सिमन्स उभा होता.

मिनेसोटाने सामना ४८-१२ असा जिंकला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो आकडा नव्हे. पहिल्या अर्ध्यातच सिमन्सला इतका मार बसला की तो पुन्हा पुन्हा जमिनीवर निपचित पडला आणि शेवटी त्याला बाहेर न्यावं लागलं. चेंडू त्याच्या हातात नसतानाही लोक त्याच्यावर धडकत होते, तो पडल्यावर उशिरा येऊन कोसळत होते, असा आयोवाच्या प्रेक्षकांचा आरोप होता. म्हातारपणी सिमन्स त्या दिवसाबद्दल बोलला तेव्हाही त्याने हेच सांगितलं: ढीग रचत होते, गुडघे वर करून येत होते. मिनेसोटाचं म्हणणं असं की हा कडक पण स्वच्छ खेळ होता, आणि समोरच्या संघाचा सगळ्यात चांगला गडी खिळखिळा करणं हा त्या काळचा सर्रास डाव होता.

यातलं किती फुटबॉल आणि किती वर्णद्वेष? हे वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही. लुंडलाही प्रतिस्पर्ध्यांनी तुडवलं होतंच. फरक एवढाच की लुंड पडला तेव्हा त्याच्या रंगाच्या आणखी कोणाची आठवण प्रेक्षकांना झाली नाही. सिमन्स पडला तेव्हा झाली.

ती आठवण अकरा वर्षांपूर्वीची होती. आयोवात दुसरं एक सरकारी विद्यापीठ आहे, एम्स गावातलं आयोवा स्टेट. त्याचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅक ट्राइस. ६ ऑक्टोबर १९२३ रोजी तो मिनियापोलिसला, मिनेसोटाविरुद्धच, खेळायला उतरला. खेळताना त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तरी तो खेळत राहिला, आणि नंतर ढिगाखाली तुडवला गेला. त्याला गाडीत घालून एम्सला आणलं. ८ तारखेला तो गेला. सामन्याच्या आदल्या रात्री त्याने एक चिठ्ठी लिहून ठेवली होती. आपल्या वंशाची, घराची आणि स्वतःची लाज राखायची आहे, उद्या जीव तोडून खेळायचं आहे, अशा आशयाची. ती त्याच्या कोटात सापडली. तेव्हाही कोणी मुद्दाम केलं की ओघात झालं यावर वाद झाला आणि तो मिटला नाही. आयोवा स्टेटने मिनेसोटाशी खेळायचा करार पुढे वाढवला नाही. १९२४नंतर ते दोन संघ थेट १९८९ साली समोरासमोर आले. ट्राइसच्या नावाचं स्टेडियम आज एम्समध्ये आहे.

आणि दुसरी गोष्ट तर आदल्याच शनिवारची. २० ऑक्टोबर १९३४ला मिशिगन विद्यापीठाकडे दक्षिणेतला जॉर्जिया टेकचा संघ खेळायला आला होता. मिशिगनच्या संघात विलिस वॉर्ड हा कृष्णवर्णीय गडी असेल तर आम्ही मैदानात येणार नाही, असं पाहुण्यांनी सांगितलं. मिशिगनने निमूट वॉर्डला बसवलं, स्वतःच्याच मैदानावर. त्याचा संघसोबती आणि मित्र जेरल्ड फोर्ड, पुढे जो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, या प्रकाराने चांगलाच अस्वस्थ झाला होता. त्या काळी याला ‘सभ्य माणसांमधला करार’ म्हणत. उत्तरेतली विद्यापीठं काळ्या मुलांना खेळू देत, पण पाहुण्याला चालत नसेल तर त्यांना झाकूनही ठेवत.

तर १९३४चा तो सामना संपला, आणि आयोवात वर्षभर राग मुरत राहिला. पुढच्या वर्षीचा सामनाही आयोवा सिटीतच होता, ९ नोव्हेंबर १९३५ला. तारीख जवळ आली तशी बियरमन यांना धमकीची पत्रं येऊ लागली. मिनेसोटाच्या संघासाठी खास पोलीस बंदोबस्त मागावा लागला. आदल्या दिवशी राज्यपाल हेरिंग वार्ताहरांशी बोलताना म्हणून गेले की या वेळी सिमन्सच्या जोडीला आणखी दहा चांगले गडी आहेत, आणि मागच्या वर्षीसारखी धटिंगणगिरी पंचांनी चालवून घेतली तरी प्रेक्षक चालवून घेणार नाहीत.

राज्याच्या प्रमुखाने असं बोलायचं म्हणजे गवताच्या गंजीजवळ काडी ओढण्यासारखं होतं. मिनेसोटात संताप झाला. राज्यपालच दंगलीला चिथावणी देतात, असं तिथले सरकारी वकील म्हणू लागले. दोन्ही विद्यापीठांनी एकमेकांशी खेळणंच बंद करावं अशी भाषा सुरू झाली.

आज वाचताना हे जरा फुगवलेलं वाटेल. फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षक करून करून काय करणार? पण गर्दी काय करते हे हेरिंग यांनी स्वतः पाहिलं होतं. १९३३च्या एप्रिलमध्ये आयोवातल्या ले मार्स गावात, कर्जापायी शेतं जप्त होत असताना, शेतकऱ्यांच्या जमावाने न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना कोर्टातून ओढून बाहेर नेलं आणि त्यांच्या गळ्यात दोर अडकवला. ब्रॅडली वाचले, थोडक्यात. हेरिंग यांनी त्या जिल्ह्यात लष्करी कायदा पुकारून नॅशनल गार्ड धाडलं होतं. जमावावर बंदुका पाठवणारा माणूस अडीच वर्षांनी जमावाच्या नावाने धमकी देत होता. निवडणुकीच्या राजकारणात मुरलेल्या माणसाची जीभ कधी कधी त्याच्या आधी पळते, एवढंच याचं स्पष्टीकरण मला सुचतं.

मिनेसोटाची पाटी तरी कुठे कोरी होती? १५ जून १९२० रोजी त्या राज्यातल्या डुलुथ शहरात हजारोंच्या जमावाने पोलीस ठाण्यावर चाल करून सर्कशीत काम करणाऱ्या तीन कृष्णवर्णीय तरुणांना बाहेर काढलं आणि दिव्याच्या खांबाला टांगून मारलं. हे दक्षिणेत नव्हे, कॅनडाच्या सरहद्दीपासून दूर नसलेल्या बंदराच्या शहरात.

फ्लॉइड ओल्सन हा माणूस इथे गोष्टीत येतो, आणि तो आला की गोष्टीचा सूरच बदलतो. मिनियापोलिसच्या गरीब वस्तीत वाढलेला, ज्यू शेजाऱ्यांकडून यिडिश शिकलेला, पडेल ती कामं करून वकील झालेला. जिल्ह्याचा सरकारी वकील असताना त्याने क्लू क्लक्स क्लॅनच्या स्थानिक म्होरक्यांवर खटला चालवला होता. शेतकरी-कामगार पक्षाचा राज्यपाल म्हणून १९३१पासून तो गादीवर होता. १९३४च्या उन्हाळ्यात मिनियापोलिसच्या ट्रकचालकांच्या संपात गोळीबार होऊन माणसं मेली तेव्हा लष्करी कायदा त्यानेही लावला होता. गर्दी कशी पेटते हे त्याला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. आणि लोकांना हसवायचं कसं हेही त्याला ठाऊक होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी त्याने हेरिंगना तार केली. मजकुराचा आशय असा: आयोवाचे प्रेक्षक मिनेसोटाच्या संघाला ‘लिंच’ करणार या तुमच्या विधानाने आमचे लोक खवळलेत, आयोवा जिंकेल असं तुम्हाला खरोखर वाटत असेल तर तुमच्या एका बक्षिसाच्या डुकरावर माझं एक बक्षिसाचं डुक्कर लावतो, हरणाऱ्याने ते स्वतः आणून द्यायचं, आणि यात तुमचाच फायदा, कारण आमची डुकरं तुमच्यापेक्षा सरस. शेवटी आगाऊ सांत्वन.

डुकरांच्या राजधानीला डुकरांवरून चिडवलं. हेरिंगनी पैज घेतली. दुपारपर्यंत बातमी गर्दीत पसरली आणि ज्या तोंडांतून शिव्या निघणार होत्या त्या तोंडांवर हसू आलं. तणाव उतरवण्याचा याहून स्वस्त उपाय मी इतिहासात फारसा वाचलेला नाही.

पण त्या तारेतला एक शब्द मला पुढे जाऊ देत नाही. हेरिंग ‘लिंच’ असं म्हणाले नव्हते. तो शब्द ओल्सनचा, थट्टेतला. त्याच १९३५ साली झुंडबळींविरुद्धचं कॉस्टिगन-वॅग्नर विधेयक अमेरिकेच्या सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी भाषणांवर भाषणं ठोकून पाडलं होतं. डुलुथला पंधरा वर्षं झाली होती. आणि तारेत दोराची भीती कोणाला? मिनेसोटाच्या खेळाडूंना. ज्याच्या अंगावर वर्षापूर्वी खरोखर लोक कोसळले होते त्याचं नाव तारेत कुठेच नव्हतं. ओल्सनच्या मनात वाईट काही होतं असं मी म्हणणार नाही, त्याचं आयुष्य तसं सांगत नाही. पण विनोद जमला तो या अदलाबदलीमुळे. मार खाल्लेल्या माणसाला गोष्टीतून बाजूला केल्याशिवाय दोन्ही राज्यांना एकत्र हसता आलं नसतं.

सामना शांतपणे पार पडला. मिनेसोटा १३, आयोवा ६. मिनेसोटाच्या काही खेळाडूंनी मुद्दाम सिमन्सजवळ जाऊन त्याच्या खेळाचं कौतुक केलं, आणि सिमन्सनेही मिनेसोटाचे गडी कडक पण स्वच्छ खेळले असं सांगितलं. म्हणजे तसं खेळता येत होतं. हे एक वाक्य १९३४बद्दल बरंच काही बोलून जातं.

पैज फेडायला हेरिंगनी डुक्कर शोधलं ते फोर्ट डॉज गावाजवळच्या रोझडेल फार्ममधलं. साधंसुधं नव्हे: विल रॉजर्सच्या १९३३च्या ‘स्टेट फेअर’ या चित्रपटात ‘ब्लू बॉय’ नावाचं जे डुक्कर झळकलं होतं त्याचं हे भावंड. थोडक्यात, सिनेमावाल्या घराण्यातलं. गालिच्यावरचा तो सोहळा झाला, फोटो देशभर छापून आले. डे मॉइन शहरातल्या एका जुगारविरोधी कार्यकर्त्याने मात्र राज्यपालांनीच जुगार खेळला म्हणून रीतसर तक्रार केली. त्यातून निष्पन्न काही झालं नाही, पण बातमीचं आयुष्य आणखी काही दिवस वाढलं.

ओल्सननी डुक्कर ठेवून घेतलं नाही. शाळकरी मुलांसाठी निबंधस्पर्धा जाहीर केली आणि डुक्कर हे बक्षीस ठेवलं; एका मुलाने ते जिंकलं. निबंध लिहून डुक्कर मिळवणाऱ्या त्या पोराचा मला हेवा वाटतो. आम्हाला प्रशस्तिपत्रक मिळायचं. दरवर्षी जिवंत जनावरं इकडून तिकडे नेणं शक्य नव्हतं, म्हणून ओल्सननी सेंट पॉलचे शिल्पकार चार्ल्स ब्रियोस्की यांच्याकडून मूर्ती करून घेतली, २१ इंच लांब. तीच आजतागायत फिरते आहे.

दोन्ही फ्लॉइड पाठोपाठ गेले. डुकराला १९३६ साली ‘हॉग कॉलरा’ या डुकरांच्या रोगाने गाठलं. त्याच वर्षी २२ ऑगस्टला ओल्सन पोटाच्या कर्करोगाने वारले, ४४व्या वर्षी. मिनेसोटाने असा राज्यपाल पुन्हा पाहिला नाही असं तिथले जुने लोक म्हणत. हेरिंग सिनेटर होऊन वॉशिंग्टनला गेले.

सिमन्सचं शेवटचं वर्ष १९३६. मिनियापोलिसला मिनेसोटाने आयोवाचा ५२-० असा चुराडा केला. त्यानंतर सोलेम यांनी तो जीव लावून खेळला नाही असं सुनावलं, आणि सिमन्स चिडून संघ सोडून गेला. काही दिवसांनी परतला. तीन वर्षांपूर्वी मालगाडीने ज्यांच्या दारात आला त्यांच्यावर त्याने रागावावं, यात नवल काय. जिंकलो की ‘आपला’ सिमन्स, हरलो की सिमन्स हरला.

पुढे व्यावसायिक फुटबॉल. पण राष्ट्रीय लीगमध्ये १९३४पासून १९४५पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नियम कुठे लिहिलेला नव्हता, गरजच नव्हती. सिमन्स न्यू जर्सीतल्या पॅटरसन पँथर्स या खालच्या लीगच्या संघात खेळला, महायुद्धात नौदलात गेला, आणि मग शिकागोच्या सरकारी शाळांत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झाला. तीन तपांहून अधिक काळ तो तिथे होता. वारला २००१ साली, ८७व्या वर्षी. त्या वर्गांतल्या किती मुलांना माहीत असेल की शिट्टी वाजवणाऱ्या या सरांमुळे दोन राज्यं एकमेकांच्या उरावर बसायला निघाली होती?

पैजेला पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी, ५ नोव्हेंबर १९६०ला, मिनियापोलिसमध्ये पुन्हा सामना होता. या वेळी आयोवा देशात पहिल्या क्रमांकावर आणि मिनेसोटा तिसऱ्या. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे डाव ठरवणारा, चेंडू कोणाला द्यायचा हे क्षणात पाहणारा गडी, संघाचं डोकं. काळ्या मुलाला पळायला द्यावं, अडवायला द्यावं, पण डोकं चालवायला देऊ नये, असा तिथला जुना समज. त्या दुपारी आयोवाचा क्वार्टरबॅक विल्बर्न हॉलिस होता आणि मिनेसोटाचा सँडी स्टीफन्स. दोघेही कृष्णवर्णीय.

मिनेसोटाने २७-१० असा सामना जिंकला, पोरांनी डुक्कर उचललं, आणि तो संघ त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता ठरला. पुढच्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम अकरांत क्वार्टरबॅक म्हणून स्टीफन्सचं नाव आलं. असा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. व्यावसायिक संघांनी त्याला बोलावलं, पण क्वार्टरबॅक म्हणून खेळवायची त्यांची तयारी नव्हती. खेळायला मिळावं म्हणून सिमन्स टेक्सासहून आयोवापर्यंत वर आला होता. स्टीफन्सला आणखी वर जावं लागलं, कॅनडात, मॉन्ट्रियलला.